सगळ्यात वरचं मॉडेल

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी एकाच विषयावर परिसंवाद चालायचा. ही मोटरसायकल एवढ्या किमतीची आहे का? ऑफिसातून आलेले पाच-सहा पुरुष गाडीभोवती उभे राहायचे. कुणी टाकीवर टिचकी मारायचा, कुणी वाकून दोन्ही सायलेन्सर बघायचा, आणि एकाला तर ॲक्सिलरेटर पिळल्याशिवाय चैनच पडायचं नाही. एक म्हणायचा, शुद्ध पैशाची नासाडी. दुसरा म्हणायचा, असं पिकअप दुसऱ्या कुठल्या गाडीला असेल तर दाखवा. मग ॲव्हरेजचा विषय निघायचा, आणि तो निघाला की माझा नवरा जरा गप्प व्हायचा. मला हे सगळं पाठ आहे, कारण चहाचा ट्रे घेऊन दोन जिने उतरायचं काम माझं होतं.

इतक्या वर्षांत, या गाडीचे पैसे भरले कुणी, हा मुद्दा त्या चर्चेत एकदाही निघाला नाही. ते माझ्या वडिलांनी भरले होते. हे माहीत सगळ्यांना होतं, पण बायकोच्या घरून आलेल्या वस्तूची किंमत कुणी भरली असं बोलायची रीत नाही. वस्तू आलेली असते, एवढंच.

गाडीचं नाव मी लिहीत नाही. त्या काळात ज्यांना गाड्यांचं वेड होतं ते ओळखतीलच. साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आपल्याकडे तेव्हा माणसं चार गिअरच्या पुढे मोजायला शिकली नव्हती. कंपनीचं ते सगळ्यात वरचं मॉडेल होतं आणि किंमतही तशीच, साध्या स्कूटरच्या दुप्पट. जाहिरातीत हेल्मेट घातलेला एक माणूस गाडी पार आडवी करून वळण घेताना दाखवायचे. आमच्या डोंबिवलीत अशा वळणावर हमखास म्हैस बसलेली असायची.

हो, आम्ही मूळचे डोंबिवलीचे. माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणायचे, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा शर्टाची कॉलर कधी पिवळी असायची, कधी निळी. आई, अण्णा आणि मी, दोन खोल्यांत राहायचो. मी एकुलती एक. लोक आईला म्हणायचे, एकच आहे, तीही मुलगी, म्हणजे तुम्हाला काय, एक लग्न उरकलं की मोकळं रान. याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. पैसे भरून नंबर लावायचा आणि मग सात-आठ वर्षं गप्प बसायचं. त्यातून आमच्यासारख्या घरांत एक पद्धत पडली होती. मुलगी आठवी-नववीत गेली की बाप स्कूटर बुक करायचा. मुलगी लग्नाची होईपर्यंत नंबर लागतो आणि जावयाला स्कूटर देता येते. हुंडा नाही म्हणायचं, पण स्कूटर द्यायची. आमच्या मजल्यावर तीन घरांनी अशा स्कूटरी सांगून ठेवल्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मुलीचं वय विचारायच्या आणि त्याच श्वासात बुकिंगचं वर्ष विचारायच्या.

अण्णांनी आमची स्कूटर माझ्या नावावर बुक केली. पावतीवर माझं नाव, माझ्या नावापुढे त्यांचं. मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं, माझ्या नावावर आहे म्हणजे माझी आहे. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. शेजारी एक नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडे मोपेड होती. त्यांच्या मागे लागून मी ती चालवायला शिकले, दोनदा पडले, गुडघा फोडून घेतला. अण्णा हे सगळं बघत होते आणि हसत होते. स्कूटर कुणासाठी आहे, हे मला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. कदाचित मला ते आपोआप माहीत असणार असं ते धरून चालले असतील.

बारावी सायन्सला मला चांगले मार्क पडले. मला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. ही काही शेजारणीच्या मुलाचं बघून आलेली हौस नव्हती. घरातला रेडिओ बिघडला की मीच उघडायचे, आणि तो पुन्हा लागायचा. सोल्डरिंगचा तो वास मला अत्तरासारखा आवडायचा. सरकारी तंत्रनिकेतनातला माझा प्रवेश थोडक्यात हुकला. तेव्हा विनाअनुदानित कॉलेजं नव्याने निघाली होती. तिथे जागा होती, पण डोनेशन मागत होते. मी चौकशी करून आकडा आणला आणि अण्णा कारखान्यातून यायची वाट बघत बसले.

ते मोरीत हात धूत होते. मी उंबऱ्यात उभी राहून आकडा सांगितला. त्यांनी पंच्याला हात पुसले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे केले. "कुठून आणू गं एवढे? नाहीत."

ओरडले नाहीत, मुलींना कशाला हवंय असलं शिक्षण असंही म्हणाले नाहीत. अगदी हळू बोलले. त्या तळव्यांच्या रेघांत निळा रंग बसलेला होता, कितीही घासला तरी न जाणारा. मला त्यांची दया आली. आपण यांना उगाच अडचणीत टाकलं असं वाटून मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, कॉलेजसाठी कमी आणि अण्णांसाठी जास्त. आता मला राग येतो तो त्या दयेचा.

मग मी बी.एस्सी. केलं, टायपिंग शिकले आणि वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात चिकटले. तिथे कंट्रोल पॅनेल बनवायचे. डिप्लोमावाली मुलं पॅनेल तपासायची आणि मी त्यांचे टेस्ट रिपोर्ट टाइप करायचे. सहीच्या जागेवर त्यांची नावं असायची. काम वाईट नव्हतं, पगार वेळेवर व्हायचा. पण काचेच्या दारापलीकडून सोल्डरिंगचा वास यायचा, आणि मी दार लावून घ्यायचे.

लग्न ठरलं ते नौपाड्यातल्या मुलाशी. औषधांच्या कंपनीत नोकरी, वडील नाहीत, आई आणि तो. मुलगा वाईट नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी त्याच्यात खलनायक शोधत बसणार नाही. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, इथेही तेवढा मान देत बसले तर लिहून होणार नाही, म्हणून 'तो'.

याद्या करायला, म्हणजे लग्नात कुणी काय करायचं हे ठरवायला, आम्ही त्यांच्या घरी गेलो. सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला काही म्हणजे काही नको हं. आमच्या घराण्यात हुंडा कुणी घेतलेला नाही."

"छे छे, तसं कसं," अण्णा म्हणाले. "जावयासाठी स्कूटर कधीचीच सांगून ठेवलीय. नंबर पण लागलाय."

किती खुशीत होते ते! आठ वर्षं हे वाक्य त्यांनी सांभाळून ठेवलं असणार. तिथे नवऱ्याचे थोरले काका सुपारी कातरत बसले होते. वर न बघता ते म्हणाले, "स्कूटर काय हो, हल्ली आमच्या दूधवाल्याकडे पण असते."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. नवरा म्हणाला, "चालेल की काका, स्कूटर चांगलीच आहे." तो खरंच असं म्हणाला, मी त्याला त्याचं श्रेय देते. पण अण्णांनी ते ऐकलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. पोहे आले, ते त्यांनी अर्धे टाकले. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो.

घरी आल्यावर चपला काढता काढता ते आईला म्हणाले, "सगळ्यात वरचं मॉडेल देतो. मग बघू काय बोलतात."

स्कूटर माझ्या नावावर, म्हणून ती सोडवून घ्यायला मला बरोबर जावं लागलं. घेणारा माणूस तिथे आधीच येऊन थांबला होता. अशा स्कूटरला तेव्हा जास्तीचे पैसे मोजणारी माणसं हवी तेवढी मिळायची. फिकट हिरव्या रंगाची होती. आठ वर्षं मी तिला मनातल्या मनात लालच समजत आले होते. मी सह्या केल्या आणि जाता जाता सीटवर हात ठेवला, तर तो माणूस म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? आम्हाला काढायची आहे." माझी त्या स्कूटरशी एवढीच ओळख.

तिथून आम्ही थेट मोटरसायकलच्या शोरूमला गेलो. अण्णा म्हणजे पावशेर मिरच्यांसाठी तीन भाजीवाल्यांकडे फिरणारा माणूस. घासाघीस न करता घेतलेली वस्तू त्यांना फसवणूक वाटायची. रिक्षात ते स्वतःशीच उजळणी करत होते, ॲव्हरेज किती विचारायचं, सर्व्हिसिंग किती फुकट विचारायचं, हेल्मेट वर मागायचं. शोरूममध्ये ती गाडी मधोमध, गालिच्यावर उभी होती. सेल्समन टाय लावलेला. अण्णांनी पहिला प्रश्न केला, "ॲव्हरेज काय देते?"

तो हसला. "साहेब, ही घेणारे ॲव्हरेज विचारत नाहीत."

झालं. माझ्या वडिलांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. सर्व्हिसिंग नाही, हेल्मेट नाही, काही नाही. पोटापाशी धरलेली रेक्झिनची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. मी किंमत ऐकली होती. स्कूटरचे आलेले पैसे वजा केले तरी जे उरत होतं ते कॉलेजने मागितलेल्या आकड्याच्या अगदी जवळचं होतं. मी तिथे उभी होते, आणि गणित माझं चांगलं होतं.

घरी येऊन मी आईला विचारलं, "एवढे पैसे कुठून आले?" आई लाडवांसाठी बेसन भाजत होती. ती म्हणाली, "शुभकार्यात असलं काही काढू नये." तेव्हा अण्णांना विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण ते एवढे आनंदात होते की मला धडकी भरायची. शेजाऱ्यांना घरी बोलावून ते त्या गाडीचं रंगीत माहितीपत्रक दाखवत होते. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडीची पूजा झाली. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबं, नारळ. अण्णांनी कोट घालून गाडीशेजारी फोटो काढून घेतला. थोरल्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधलेले. अण्णा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काका म्हणाले, "देखणी आहे. आता पेट्रोल कोण घालणार, तेही ठरवून टाका." या वेळी मात्र सगळे हसले. अण्णाही हसले. त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून मेंदीचा हात बघत बसले.

पेट्रोल मी घातलं. म्हणजे माझ्या पगारातून जायचं. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नवरा ऑफिसला गाडीने जायचा आणि मग ती बिल्डिंगखाली उभी राहायची, त्याला बस चालायची. नौपाड्यातल्या गल्ल्यांत तिला दुसऱ्या गिअरच्या वर जागाच मिळायची नाही. सहा गिअर होते, त्यातले चार आम्ही नुसते सांभाळत होतो. मागची सीट उंच आणि उतरती, साडी नेसून एका बाजूला बसलं की कधी घसरून पडू याचा नेम नाही. पहिल्याच महिन्यात सायलेन्सरला पोटरी लागून जळली. तो डाग अजून आहे. सासूबाईंनी त्यावर कोरफड लावली आणि म्हणाल्या, "जपून बसत जा गं, महागाची गाडी आहे."

अण्णा अधूनमधून रविवारी यायचे. आल्या आल्या आधी गाडी बघायचे, मग वर यायचे. एकदा खाली परिसंवाद रंगात आलेला असताना ते पोचले. मी ट्रे घेऊन जिन्यात होते. कुणीतरी म्हणालं, "चला, आता अण्णांनाच विचारू या. अण्णा, खरं सांगा, एवढी किंमत आहे का हो हिची?"

अण्णा क्षणभर थांबले. मी पण थांबले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी खरं बोलेल. म्हणेल, नाही, मला परवडली नाही, मी एका माणसाच्या बोलण्याला चिडून घेतली. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावयापुढे किंमत कसली बघायची?"

"वा! याला म्हणतात सासरा," पुरुष म्हणाले. कुणीतरी माझ्या हातातला ट्रे घेतला आणि अण्णांना पहिला कप दिला. मला तो कप त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटला. इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता, आणि तो बाहेर काढायला त्या कंपाउंडमध्ये कुठेही जागा नव्हती. मी वर जाऊन कुकर लावला.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. ती गाडी मला एकदा आवडली होती.

नवऱ्याच्या कंपनीतला एक मित्र बाळकुमचा, खाडीकाठच्या कोळ्यांपैकी. त्याने रविवारी जेवायला बोलावलं होतं. तेव्हा बाळकुम म्हणजे गावच होतं, पुढचा रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना खाजण. नवऱ्याने मागे वळून विचारलं, "धरलंस ना नीट?" आणि गाडी सोडली. तिसरा, चौथा, पाचवा. आवाज आधी फाटल्यासारखा होता, तो एकदम गोड झाला. सहावा पडला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर सुटून मागे फडफडत होता आणि मी मोठ्याने हसत होते. नवराही हसत होता. त्या दोन-तीन मिनिटांत मी कुणाची कुणी नव्हते. मला कळलं की वेडी माणसं या वस्तूसाठी पैसे का टाकतात.

उतरल्यावर मी म्हटलं, "अहो, मला शिकवाल का चालवायला? मोपेड येते मला."

तो इतका मनापासून हसला की त्याला खोकला आला. "अगं, ही काय बाईमाणसाची गाडी आहे? पडलीस तर उचलणार कोण तिला?" मग त्याने मित्राला हाक मारून सांगितलं, ही काय म्हणते बघ. मित्रही हसला. माझा चेहरा पडलेला दोघांपैकी कुणालाच दिसला नाही.

मित्राची आई ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. तिने किंमत विचारली, मी सांगितली. तिने हातातली कोळंबी टोपात टाकली. "आगो बाय! एवऱ्या पैशान आमची नवी होरी आली असती." मग उठून आली, ओल्या हाताच्या उलट्या बाजूने टाकी चाचपली आणि म्हणाली, "पन देखनी हाय हां."

मी तिला म्हटलं, "माझ्या वडलांनी दिली."

"मंग तू का चालवत नाय?"

तिचा मुलगा ओरडला, "आये, जेवाला वार." कालवण फार चांगलं झालं होतं.

पुढे आमच्याकडे मुलगी झाली. गाडी मागेच पडली. तोवर रस्त्यावर कमी पेट्रोल पिणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या झाल्या होत्या, ज्यांच्या जाहिरातीत ॲव्हरेज हेडलाइटएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं. आमचं सगळ्यात वरचं मॉडेल खपत नाही म्हणून कंपनीने बंद करून टाकलं. सुटे भाग मिळेनात. मेकॅनिक बघायचे, डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, ठेवून जा. शेवटी नवऱ्याने एक सेकंडहँड शंभर सीसी घेतली आणि मोठीवर निळी ताडपत्री टाकली. तिच्याभोवतीचे पुरुष पांगले. दोघांनी रंगीत टीव्ही घेतले होते, आता ते पैसे वाजवी आहेत का यावर बोलणं चालू होतं.

नव्वदीच्या मध्यावर कल्याणचा एक हॉटेलवाला आमचा पत्ता शोधत आला. बंद पडलेल्या याच मॉडेलच्या गाड्या हौशी लोक आता शोधत फिरतात, असं त्याच्याकडून कळलं. त्याने ताडपत्री उचलली आणि देवाची मूर्ती बघावी तसा बघत राहिला. घासाघीस केलीच नाही. नवऱ्याने सहज तोंडाला येईल तो आकडा सांगितला, म्हणजे अण्णांनी शोरूमला दिलेला तोच, आणि हॉटेलवाला "चालेल" म्हणाला. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन आला, पैसे दिले आणि गाडी दोरांनी बांधून घेऊन गेला. ती जाताना मी गॅलरीत आलेसुद्धा नाही.

अण्णा त्या दिवशी आमच्याकडे होते. तेव्हा ते निवृत्त झाले होते, आई जाऊन वर्ष झालं होतं, दर रविवारी जेवायला यायचे. नवरा वर आला तो उड्या मारतच. नोटांची पुडकी त्याने टेबलावर ठेवली. "अण्णा, पैसा वसूल! जेवढ्याला घेतली तेवढ्यालाच गेली. खालचे सगळे म्हणायचे ना, एवढी किंमत नाही हिची? आता बोला म्हणावं."

इतक्या वर्षांनी तेवढ्या रुपयांत काय येतं, हे कुणीच बोललं नाही. अण्णांचा चेहरा उजळला होता. ते दोनदा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? वरचं मॉडेल ते वरचं मॉडेल."

"हे मी मोडणार नाही," नवरा म्हणाला. "सरळ पोरीच्या नावावर टाकतो. लग्नाला होतील."

आमची पोर तिसरीत होती. आत पलंगावर बसून, जुन्या टॉर्चचे स्क्रू काढत होती.

"शहाणपणाचा निर्णय," अण्णा म्हणाले.

त्या वेळी मला काय झालं सांगता येत नाही. मी ताटं घेत होते. हातातली ताटं खाली ठेवली आणि विचारलं, "अण्णा, मला डिप्लोमाला जायचं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात पैसे नाहीत. मग तीन-चार वर्षांत गाडीला कुठून आले?"

माझा आवाज वाटला त्याहून मोठा निघाला असावा, कारण नवऱ्याने दचकून माझ्याकडे बघितलं. अण्णांनी चष्मा काढला. ते गोंधळले होते, पण घाबरलेले नव्हते. ते आठवत होते.

"कॉलेजला? हां. अगं, तेव्हा नव्हतेच. खरंच नव्हते."

"मग गाडीला?"

"ते होय!" त्यांना सुटल्यासारखं वाटलं. "ते तुझ्या लग्नाचे होते ना. तुझा जन्म झाला त्या महिन्यापासून बाजूला टाकत आलो होतो. मध्ये कारखाना बंद होता, घरात एका वेळचं होतं, तुझी आई म्हणाली थोडे काढा. पण नाही काढले. तू कॉलेजचं विचारलंस तेव्हाही होते तसेच होते, पण त्यांना हात कसा लावणार? तुझे पैसे होते ते, बाळा. त्यातला एक रुपया मी इकडचा तिकडे केला नाही."

बोलता बोलता त्यांचा ऊर भरून आला होता. आयुष्यभर आपण किती सचोटीने वागलो हे कधीतरी कुणीतरी विचारावं, याची ते वाट बघत होते आणि आज मी ते विचारलं होतं. नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला. "अशी माणसं आता राहिली नाहीत," तो मला म्हणाला.

मी टेबलावरची पुडकी उचलली. आत नेऊन माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. बाहेर आले तेव्हा ते दोघं कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी पैसे लग्नासाठीच जपून ठेवले असं त्यांना वाटलं. मी त्यांना तसं वाटू दिलं आणि ताटं वाढायला घेतली.